चार फुटी टँकमधली भाऊबंदकी

दुकानातल्या टँकमध्ये पन्नास-साठ मासे एकमेकांना खेटून फिरत असतात आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. तेच मासे घरी येऊन महिना झाला की एक हीटरमागे कोपऱ्यात उभा, एकाची शेपटी कुरतडलेली आणि एक सगळ्यांच्या तोंडचा घास पळवून गुबगुबीत झालेला. दुकानात गर्दी इतकी असते की कुणालाच स्वतःची जागा राखता येत नाही, शिवाय माल सतत बदलत असल्यामुळे ओळखी मुरत नाहीत. घरी जागाही असते आणि वेळही, म्हणून उतरंड लागते, म्हणजे कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरतं. मग बहुतेक लोक ‘हा मासाच खोडसाळ निघाला’ म्हणून तो परत नेऊन देतात, आणि पंधरवड्यात दुसरा कुणीतरी दादागिरी सुरू करतो.

आमचा टँक पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भरला आणि वर्षअखेरीस त्याची घडी बसली. ज्यांना पहिला कम्युनिटी टँक, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवायचा टँक, लावायचा आहे आणि मारामाऱ्यांची धास्ती आहे, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहितोय.

माप ठरलं ४८ × १८ × १८ इंच. काठोकाठ भरला तर २५५ लिटर होतात, पण वरचे दोन इंच, वाळू आणि लाकूड वजा केलं की खरं पाणी २१० लिटरच्या आसपास राहतं. औषध, मीठ, काहीही टाकताना हिशोब या २१० चा करायचा, २५५ चा नाही. चार फूटच का? कारण हरलेल्या माशाला जिंकलेल्याच्या नजरेआड जाता आलं पाहिजे. दोन फुटी टँकमध्ये पळून जायला जागा नसते. हरलेला समोरच दिसत राहतो आणि जिंकलेल्याला वाटतं, हा अजून आव्हान देतोय. नदीत अशी भांडणं काही क्षणांत मिटतात, कारण हरलेला निघून जातो. काचेत तो जाऊ शकत नाही, आणि बहुतेक मासे मरतात ते चाव्याने नव्हे, तर उपासमारीने आणि ताणाने.

वजनाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पाणी २१० किलो, दहा मिलिमीटरची काच पन्नास, वाळू पंचवीस, लोखंडी स्टँड पस्तीस, लाकूड-दगड धरून ३३० किलोच्या घरात जातं, आणि हे सगळं सहा चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांसाठी भारतीय मानक २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरतं. टँकखाली तो सहाशेच्या आसपास जातो. स्लॅब खोलीभर भार वाटून घेतो म्हणून लगेच काही होत नाही, पण टँक खोलीच्या मधोमध न ठेवता बीमला लागून, भिंतीशी, आणि लांबी बीमला समांतर अशी ठेवायची. सोसायटीला डिसेंबरमध्ये अर्ज दिला. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच, म्हणून तीन आठवडे थांबावं लागलं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: स्ट्रक्चरल इंजिनिअरचं एक पानी पत्र (त्याची फी १,५०० रुपये) आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाल्यास खर्च आम्ही देऊ असं १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर हमीपत्र. अर्जासोबत स्टँडचं माप, भरलेल्या टँकचं वजन आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडला तर फेऱ्या वाचतात. तोंडी ‘छोटासा टँक आहे’ म्हणून सांगितलं की संशय वाढतो.

खर्च असा: टँक ७,५००, स्टँड ५,५००, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा) ६,५००, हीटर (२०० वॅट) ९००, लाइट २,२००, सिलिका वाळू ६००, ड्रिफ्टवुड १,८००, टेस्ट किट २,४००. म्हणजे मासे येण्याआधीच २७,४०० रुपये. टेस्ट किटवर पैसे वाचवू नयेत. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं थेंबांचं किट घ्यावं, कागदी पट्ट्या ढोबळ आकडा देतात. टँक आणि स्टँड यांच्यामध्ये थर्माकोल किंवा फोमची शीट घालायला विसरू नये, स्टँड किंचित वाकडा असला की काचेला तडा तिथूनच जातो.

मग पाच आठवडे रिकामा टँक बघत बसायचं. घरातले, पाहुणे, वॉचमन, सगळे एकच विचारतात: मासे कधी? पण फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झाल्याशिवाय मासे टाकणं म्हणजे त्यांना त्यांच्याच घाणीत कोंडणं. आम्ही बिनमाशाचं सायकलिंग केलं, म्हणजे मासे न टाकता हे जिवाणू वाढवले. त्यासाठी अमोनिया लागतो आणि तो अमोनियम क्लोराइडच्या रूपात मिळतो. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण त्यात भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणावी. २१० लिटरमध्ये २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) अमोनिया आणायला १.३ ग्रॅम पावडर पुरते. हीटर २८ अंशावर, फिल्टर चोवीस तास चालू. पहिले दहा-बारा दिवस काहीच हलत नाही. मग जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करायला लागतात, अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. पुढे त्याचं नायट्रेट होतं, पण नायट्राइट उतरायला सगळ्यात जास्त वेळ घेतं. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. तेव्हा नायट्रेट भरपूर साठलेलं असतं, म्हणून ७० टक्के पाणी बदलायचं आणि हीटर २६ वर आणायचा. ओळखीत कुणाचा निरोगी जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा मळका स्पंज आपल्या फिल्टरमध्ये घातला तर पाचाचे दोन आठवडे होतात. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात.

पाणी नळाचं, खडकवासल्याचं, म्हणजे मऊ. सोसायटीच्या बोअरचं पाणी टँकमध्ये घालत नाही. ते जड असतं, आणि एका आठवड्यात नळाचं, पुढच्यात बोअरचं असं झालं की माशांना ते झेपत नाही. ड्रममध्ये पाणी भरून अँटी-क्लोरीन टाकून, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ते निवळेपर्यंत बदल पुढे ढकलतो.

या रिकाम्या आठवड्यांत मांडणी करून घ्यावी, कारण उतरंडीचा अर्धा निकाल मांडणीवर लागतो. तत्त्व एकच. टँकच्या एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसता कामा नये. ड्रिफ्टवुडचे दोन मोठे तुकडे एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश लांबीवर, थोडे तिरके, पाण्याच्या वरच्या पातळीच्या जवळ येतील असे उभे केले. लाकूड आधी दोन आठवडे भिजवावं, नाहीतर तरंगतं आणि पाणी चहासारखं करतं. मधल्या जागेत पाणवनस्पती: वॅलिसनेरिया, लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. अनुबियासचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, फक्त मुळं आत जाऊ द्यायची. तळाला दोन इंची पीव्हीसी पाइपचे अर्ध्या फुटाचे तुकडे, माशांपेक्षा दोन जास्त. लपायच्या जागा माशांइतक्याच ठेवल्या तर सगळ्यात चांगल्या तीन वरचे अडवून बसतात. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे किल्ले दिसायला गंमतशीर असतात, पण त्यांना एकच दार असतं. आत शिरलेला दुबळा मासा तिथेच कोंडीत सापडतो. लपायच्या प्रत्येक जागेला दोन तोंडं हवीत.

मासे कोणत्या क्रमाने सोडायचे हे ठरवताना नियम सोपा: शांत आधी, जागा अडवणारे शेवटी. जो आधी येतो त्याला घर आपलं वाटतं आणि भांडणात त्याचं पारडं जड राहतं, माप थोडं कमी असलं तरी. म्हणून आधी थव्याने राहणारे चेरी बार्ब, मग तळाला राहणाऱ्या यो-यो लोच, सगळ्यात शेवटी लांब परांचे, जागा अडवणारे एंजल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहा चेरी बार्ब आणले, तीस रुपयांना एक. नर चार, माद्या सहा. दुकानदार ‘दादा, लाल लालच घ्या, उठून दिसतात’ म्हणत होता. लाल ते नर, आणि नुसते नर घेतले की त्यांची दिवसभर जुंपते. हे मूळचे श्रीलंकेचे, स्वभावाने मवाळ. त्यांची उतरंड बघायची तर पाणी बदलल्यानंतरचा तास गाठावा. दोन नर शेजारी-शेजारी येतात, पर ताणतात, रंग गडद करतात आणि एकमेकांभोवती गिरक्या घेतात. एक फिकट पडला की संपलं. चावाचावी जवळजवळ नसते. टायगर बार्ब जाणूनबुजून टाळले. दहा-बाराच्या थव्यात ते आपापसांत भांडत राहतात आणि इतरांना सोडतात हे खरं, पण पुढे एंजल आणायचे असतील तर त्यांचे लांब पर बघून टायगर बार्बना राहवत नाही. तीन-चारच टायगर बार्ब ठेवणं तर आणखी वाईट. थवा जितका छोटा तितका सगळा मार एकावर पडतो. थव्याच्या माशांना ‘सहा तरी हवेत’ म्हणतात, त्याचं एक कारण हेच.

प्रत्येक नवा मासा आधी तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये राहिला. पन्नास लिटरचा प्लॅस्टिक टब, स्पंज फिल्टर, छोटा हीटर, वर जाळी. यो-यो लोचच्या बाबतीत हे टाळता येतच नाही. हे उत्तर भारतातल्या नद्यांमधले मासे, बाजारात येणारे बरेचसे पकडलेले असतात, आणि पोटात जंत असतात. घेताना वरून बघावं: डोक्यामागे अंग सुरीसारखं बारीक झालेलं असेल तर तो मासा घेऊ नये. १२० रुपयांना एक अशा सहा घेतल्या, दोन-दोन इंचांच्या. त्यांचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे औषधं त्यांना लवकर भिनतात आणि मात्रा अर्धीच द्यायची. डोळ्याखाली एक काटा असतो, तो घाबरल्यावर उभा राहतो आणि जाळीत अडकतो. ओढून काढायला गेलं की डोळा जातो. लोच पकडायची ती पारदर्शक डब्यात हाकलून, जाळीत नाही.

आमच्या सह्याद्रीतली झेब्रा लोच घ्यायचा मोह झाला होता. रंगाने ती यो-योपेक्षा देखणी. पण ती कृष्णा खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांपुरतीच आहे, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे, आणि दुकानातली कुठून आली हे कुणी छातीठोक सांगत नाही. सोडून दिली.

मार्चअखेर लोच मोठ्या टँकमध्ये गेल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जे दिसलं ते पहिल्यांदा बघणारा हमखास घाबरतो. दोन मोठ्या लोच वाळूवर अंगाला अंग लावून, तोंडं एकाच दिशेला करून उभ्या राहिल्या. अंगावरचे काळे पट्टे विरघळल्यासारखे फिके होत गेले आणि पाच मिनिटांत पट्ट्यांचा मासा राखाडी झाला, जणू दुसरीच जात. मग एकमेकींभोवती गोल गोल फिरणं, खांद्याने ढकलणं, आणि मधूनच टिक् टिक् असा आवाज, काचेबाहेर स्पष्ट ऐकू येणारा. आजार समजून औषध टाकायचं नाही. साधारण तासाभरात पट्टे परत येतात. हा क्रमांक ठरवण्याचा त्यांचा रिवाज आहे, आणि बहुतेकदा सगळ्यात मोठी मादी वर बसते. क्रमांक ठरला की त्याच सहा जणी एका पाइपमध्ये कोंबून झोपतात. संख्या दोन किंवा तीन असेल तर मात्र हाच रिवाज छळ होतो. खालच्या एकीलाच रोज आव्हान मिळतं, आणि कुणी नाही मिळालं तर लोच दुसऱ्या जातीच्या माशांच्या मागे लागतात. पाच-सहाच्या खाली घेऊ नयेत.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांची भूक-चपळाई वाढते, त्यामुळे पाठलागही वाढतात. झाकण उघडं ठेवून पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण रोज तीन-चार लिटर पाणी उडतं, ते भरून काढावं लागतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप साडेतीनशे रुपयांना मिळतो. मेमध्ये वीज गेली की त्याचं मोल कळतं.

सहा एंजल मेच्या शेवटी टबमधून मोठ्या टँकमध्ये गेले. एकाच विणीतले, एकाच मापाचे, अंग दहाच्या नाण्याएवढं, साठ रुपयांना एक. सोडण्याआधी लाकडाचे दोन्ही तुकडे आणि पाइप हलवून मांडणी बदलली, म्हणजे जुन्यांच्या खाणाखुणा पुसल्या जातात आणि सगळेच नवे होतात. रात्री नऊला, लाइट बंद करून, सहाही एकदम. टबमधलं पाणी आणि टँकमधलं पाणी एकाच ड्रमचं असल्यामुळे फार सोपस्कार लागले नाहीत. दुकानातून थेट आणलं असतं तर पिशवी वीस मिनिटं तरंगवून, दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी आत घालत नेलं असतं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

जूनभर शांतता होती. जुलैत एंजल वाढले आणि उतरंड उघड दिसायला लागली. ती नीट समजून घ्यायची तर वही घेऊन बसावं. टँकपासून दोन मीटर लांब, कारण जवळ गेलं की ते खाणं मागायला काचेशी येतात आणि वागणं बदलतं. पंधरा मिनिटं, एकदा खाण्याआधी आणि एकदा टँकचा लाइट बंद करायच्या सुमारास. अंगावरच्या पट्ट्यांच्या तुटक्या जागांवरून प्रत्येकाला अक्षर दिलं, क पासून च पर्यंत. चावे मोजायचे नाहीत. कोण आलं की कोण बाजूला होतं, एवढंच लिहायचं. कोंबड्यांची अशीच चोचींची उतरंड नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२१ मध्ये मांडली होती, आणि त्यांचंही काम मुळात असंच कोंबड्यांकडे बघत बसण्याचं होतं.

आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. क सगळ्यांच्या वर, आणि तो जवळपास कुणालाच चावत नव्हता. नुसता वळला की बाकीचे सरकत. खरी मारामारी ग आणि घ यांच्यात, कारण दोघं मापाने सारखे. पर ताणून शेजारी उभं राहणं, शेपटीने पाण्याचा फटका मारणं, आणि ताणलं की ओठात ओठ अडकवून ढकलाढकली. मापात उघड फरक असेल तर भांडण सुरू होण्याआधीच संपतं. बरोबरीच्यांचंच लांबतं. तेव्हा ‘मारामारी करणारे ते वाईट’ असं समजून त्या दोघांना काढण्यात अर्थ नसतो.

काळजी करायची ती च ची. शेवटच्या क्रमांकाचा मासा ओळखायच्या खुणा ठरलेल्या: पर मिटलेले, तोंड किंचित वर करून तिरका उभा, रंग विटलेला, पृष्ठभागाजवळ किंवा हीटरमागे. खाणं टाकल्यावर तो आधी इतरांकडे बघतो, मग अन्नाकडे. आणि त्याला फक्त वरचाच मारत नाही, सगळेच मारतात. याचं एक कारण स्टॅनफर्डमधल्या एका प्रयोगातून कळतं, जो २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातल्या, सिक्लिड कुळातल्या एका जातीच्या नरांना त्यांनी इतरांच्या लढती नुसत्या बघू दिल्या: पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं पाचव्यापर्यंत. नंतर दुसरा आणि चौथा समोर ठेवले, ज्यांची आपसात लढत त्यांनी बघितलीच नव्हती. बघणारे मासे चौथ्याकडे वळले, म्हणजे दुबळा कोण हे त्यांनी आधीच ताडलं होतं. एंजलही सिक्लिडच. टँकमध्ये प्रत्येक पराभवाला चार साक्षीदार असतात, म्हणून शेवटच्याला नजरेआड जागा देणं हे त्याला लपवणं नसून साक्षीदार कमी करणं आहे.

च साठी तीन गोष्टी केल्या. खाणं दोन टोकांना टाकायला सुरुवात केली: आधी क च्या टोकाला, तो तिकडे वळला की लगेच दुसऱ्या टोकाला. एक मासा दोन ठिकाणी पहारा देऊ शकत नाही. बुडणारी गोळी लोचना टँकचा लाइट बंद केल्यावर, म्हणजे तळाला गर्दी नाही. हीटरच्या बाजूला तरंगत्या वनस्पतींचा एक पट्टा सोडला, वर उभं राहणाऱ्याला आडोसा म्हणून. आणि च सलग तीन दिवस खात नाही असं दिसलं तर त्याला टबमध्ये काढून आठवडाभर चारायचं, हे ठरवून ठेवलं. ती वेळ आली नाही.

दुकानदार आणि बरेच जाणकार सांगतात की क ला काढा, प्रश्न मिटेल. ऑगस्टमध्ये क ला चार दिवस टबमध्ये ठेवून पाहिलं. पहिल्याच संध्याकाळी ख चे पट्टे गडद झाले. त्याला पद नवं होतं, म्हणून तो ते रोज सिद्ध करत सुटला, आणि क ज्या गोष्टी नुसत्या वळण्याने करायचा त्या ख चावून करायला लागला. च ची शेपटी दोन ठिकाणी फाटली. मुरलेला नंबर एक हा टँकमधला सगळ्यात स्वस्त बंदोबस्त असतो. काढायचाच असेल तर नंबर एक खरोखर जखमा करतोय, खवले उडताहेत, डोळ्याला इजा होतेय अशा वेळीच, आणि परत सोडताना मांडणी बदलून, रात्री. क परतला तेव्हा लाकूड हलवलं होतं. दोन दिवस धुसफूस झाली आणि तो पुन्हा वर बसला. फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आपोआप भरते, आठवड्याला ३० टक्के पाणी बदल चालू ठेवायचा. कडा पांढऱ्या, कापसासारख्या दिसल्या तरच औषध.

दिवाळीच्या आसपास, एंजल आठेक महिन्यांचे असताना, सगळी वही बाद झाली. क आणि घ ची जोडी जमली. चौथ्या क्रमांकाची घ जोडीदाराच्या पाठबळावर दुसऱ्या दिवशी ख ला हाकलत होती. दोघं फिल्टरचा उभा पाइप तोंडाने घासून साफ करायला लागले आणि पोटाखाली छोटी नळी दिसायला लागली की समजावं, दोन-तीन दिवसांत अंडी. अंडी त्याच पाइपवर, ओळीत, शेकड्यांनी. त्या दिवसापासून टँकचा दोन-तृतीयांश भाग दोघांचा आणि उरलेल्या तिसऱ्या भागात चार एंजल, दहा बार्ब, सहा लोच. रात्री लोच अंडी फस्त करायला आल्या आणि क-घ नी त्यांनाही पळवलं. पहिली खेप तिसऱ्या दिवशी गायब झाली. तरुण जोड्या पहिल्या एक-दोन खेपा स्वतःच खातात, त्यात पालकांना दोष द्यायचं कारण नाही.

इथे मात्र मांडणीने काम होत नाही. अंडी असलेल्या जोडीला किती लांबचा मासाही जवळचाच वाटतो. पर्याय तीन: मध्ये जाळीचा पडदा, चौघांना दुसरं घर, किंवा जोडीलाच वेगळा टँक. जाळीतून दिसत राहतात, त्यामुळे जोडी दिवसभर जाळीवर धडका देते. दुकानदार चार एंजल चाळीस रुपयांप्रमाणे, तेही उधार पावतीवर घ्यायला तयार होता. आम्ही जोडीला २४ × १५ × १५ इंचांचा टँक दिला, स्पंज फिल्टरसकट ३,२०० रुपयांत. मोठ्या टँकच्या फिल्टरमधला जिवाणू असलेला थोडा माल त्या स्पंजसोबत तीन आठवडे आधीपासून ठेवला असेल तर लगेच वापरता येतो. कुणी देणारा-घेणारा नाही म्हणून मासे नदीत किंवा तलावात सोडणं हा पर्याय नाही. आपल्या धरणांतल्या जाळ्यांत सापडणारा सकर मासा अशाच हौसेतून तिथे पोचलेला आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी जोडी हलली. मोठ्या टँकमध्ये ख आणि ग ची दोन आठवडे ओठाओठी झाली, ख वर राहिला, आणि ऑगस्टसारखा पिसाळला नाही, कारण आता समोर परतणारा कुणी नव्हता. च आता चौथा. तिरका उभा राहत नाही, पण खाताना अजून आधी इतरांकडे बघतो. चार एंजल दिसायला कमी वाटतात आणि येणारे-जाणारे ‘दोन अजून टाका की’ म्हणतात. बसलेल्या चौघांत एकटा नवा सोडला तर तो थेट तळाला जातो आणि तिथेच संपतो. टाकायचेच तर तीन, मापाने चौघांपेक्षा किंचित मोठे, तीन आठवडे टबमध्ये, मग मांडणी बदलून रात्री एकदम. २१० लिटरमध्ये सात वाढलेले एंजल म्हणजे पाणी बदल आठवड्यातून दोनदा, आणि ते जमणार नसेल तर चारच बरे.